आई-बाबांना पत्र : दिवेआगरहून निघण्याचा दिवस

बेंगळुरू, सोमवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दिवेआगरची खोली ठरली, गाडी ठरली, जातानाची तयारी आईच्या हातात आहे. तेव्हा हे पत्र फक्त पुण्याला परत येण्याबद्दल. मोबाइलवर पाठवलं असतं तर दोन दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरात. बाबा, घडी करून चष्म्याच्या घरात ठेवा.

सांगायचं आहे ते एवढंच, की सोमवार सुट्टीत धरूच नका. रविवारी रात्री जेवून हात धुतले की सुट्टी संपली. "जाता जाता करू" म्हणून जे सोमवारवर ढकलाल, मग ती एक शेवटची डुबकी असो, श्रीवर्धनची धावती फेरी असो की बंदरावरची मासळी, ते सगळं दुपारी ताम्हिणी घाटात अंगावर येतं. ओले कपडे, उशीर, रिकामं पोट आणि त्यात घाटाची वळणं.

म्हणून रविवार नीट वापरा. त्या दिवशी वद्य चतुर्थी आहे. भरतीसाठी कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेवढा सोडून द्या. म्हणजे रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे गेलेलं असेल, आणि हरिहरेश्वरला जायचं तर तीच वेळ.

दिवेआगरहून सकाळी सातला निघालात तर आरवी-शेखाडीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने, वाटेत न रेंगाळता, सव्वाआठपर्यंत पोचाल. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, हा तिथला क्रम. प्रदक्षिणेची वाट मात्र देवळामागून डोंगराच्या चिरेतल्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या कातळावर उतरते. तिथे एकच नियम पाळायचा : पाणी ओसरत असताना जायचं, भरायला लागलं की नाही. कातळ कोरडा दिसला तरी खाचेतलं शेवाळ ओलं असतं, आणि ओहोटीतही मधूनच एखादी लाट अंदाजापेक्षा वर येते. लोक वाहून गेलेत ते बहुतेक अशाच जागी, फोटोसाठी कडेला उभे राहून. आई, तुझ्या गुडघ्याला त्या पायऱ्या उतरताना जमतील, चढताना नाही. तू देवळाच्या आवारात बस. बाबांनी एकट्याने जाऊ नये. बरोबर कोणी नसेल तर प्रदक्षिणा राहू द्या.

दुपारी जेवून झोप. संध्याकाळी सुवर्ण गणेशाचं दर्शन. (बाबा, तुम्ही विचारलं होतंत : १९९७ मध्ये वाडीत सापडलेला मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला. आता आहे तो नव्याने घडवलेला, २०२१ मध्ये बसवला.)

खरेदीही रविवारीच. नारळ घ्याल तर असोले घ्या. सोललेले घेतलेत तर शेंडी राखलेले. शेंडी उपटली की डोळे उघडे पडतात, आणि गरम डिकीत असा नारळ तडकतो किंवा आतून कुजतो. सुपारी श्रीवर्धनी रोठा. भाव ऐकून घासाघीस करू नका : ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने त्या भागातल्या वाड्या आडव्या केल्या, आणि नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. आमसुलं बोटाने दाबून बघायची, चिकट आणि मऊ हवीत. कडक कुरकुरीत म्हणजे जुनी. कोकमाच्या आगळाची बाटली गळ्यापर्यंत भरलेली नको, दोन बोटं रिकामी हवी. घाट चढताना हवेचा दाब कमी होतो, बाटली फुगते आणि बूच सैल असेल तर आगळ झिरपतं. तो डाग सहजी जात नाही. बुचाखाली प्लास्टिकचा तुकडा, वरून घट्ट फिरवलेलं बूच आणि बाटली उभी, पातेल्यात.

सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, हवेतच, हे मला माहीत आहे. दोन बोटांत धरून वाकवा. कट्कन मोडला तर वाळलेला, नुसता वाकला तर ओल आहे, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय आणि आठवड्यात बुरशी. रंग फिकट केशरी हवा, फार लालभडक नको. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, मग स्टीलच्या डब्यात. डबा डिकीतच, एसीच्या हवेत नाही. घरी आल्यावर एक ऊन दाखवून फ्रीजमध्ये.

ताजी मासळी आणायची की नाही, यावर तुमचं दोघांचं दर वेळी वाजतं. माझं मत आणायची, पण एकच. दोन माणसांना दीड किलोची सुरमई पुष्कळ झाली. सोसायटीसाठी आणू नका. भरडखोलच्या होड्यांची मासळी खानावळवाल्या काकू रविवारी संध्याकाळपर्यंत मागवून देतील, सकाळीच सांगून ठेवा. तुकडे करून घेऊ नका. कल्ले आणि पोटातलं काढायचं, पोटातलं रक्त धुऊन काढायचं, पुसून कोरडी करायची, दोन पिशव्यांत बांधून रात्रभर त्यांच्या फ्रीझरमध्ये. तुकडे बर्फाच्या पाण्यात भिजून चव जाते, अख्खी मासळी टिकते. मोठी असेल तर मधून एकच कापा. सोमवारी थर्माकोलच्या खोक्यात तळाला बर्फाचा चुरा, मग मासळी, वर पुन्हा चुरा. जेवढं मासळीचं वजन तेवढाच बर्फ. मोठे खडे घालायचे नाहीत, त्यांच्यामध्ये हवा राहते आणि थंडी लागत नाही. खोक्याचं झाकण चिकटपट्टीने बंद, खाली जाड प्लास्टिक. ते पाणी डिकीच्या गालिच्यात मुरलं तर पावसाळ्यापर्यंत वास जात नाही, आणि गाडी भाड्याची आहे. पुण्यात पोचेपर्यंत सुटली असेल तर पुन्हा गोठवू नका. हळद, मीठ, आगळ लावून फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

आता कपडे. समुद्रात घातलेला कपडा नुसता वाळत टाकला तर वाळतच नाही. धाग्यात मीठ असतं, ते हवेतली ओल ओढत राहतं, रात्रभर दोरीवर राहूनही सकाळी दमट. गोड्या पाण्यात दोनदा खळबळून, पिळून, मग टाका. म्हणून समुद्रात उतरायचं ते रविवारी दुपारी चारच्या आत. नंतर टाकलेले कपडे सकाळपर्यंत वाळणार नाहीत, थंडीतलं दव पडतं. वाळू ओली असताना झटकू नका, ती कापडात आणखी घुसते. वाळली की आपोआप पडते. पायाला चिकटलेली वाळू टाल्कम पावडर चोळली की सुटते. आईच्या गुडघ्याच्या पट्ट्याचा वेल्क्रो जुन्या टूथब्रशने साफ करून घे, वाळू अडकली की तो धरत नाही आणि पट्टा घाटात सैल पडतो.

बाबांचा चष्मा : खारट हवेने काचांवर धूसर थर बसतो. रुमालाने पुसलात की त्यातल्या वाळूच्या कणांनी ओरखडे पडतात. आधी नळाखाली धरायचा, मग पुसायचा.

हिशेब रविवारी रात्री चुकता करा, रोख. सकाळी नेटवर्क असेल, पैसे जातील, यावर भरवसा नको. सकाळच्या न्याहारीचं रात्रीच सांगून ठेवा, घरगुती खानावळीत ऐन वेळी काही मिळत नाही. मोदक रविवारी खा. सोमवारी घावन, तेही दोनच, चहा अर्धा कप. वाटेसाठी घावन बांधून घेतलेत तर सोबत लसणाची कोरडी चटणी घ्या. ओल्या खोबऱ्याची बंद गाडीत दुपारपर्यंत आंबते.

सोमवारी सकाळी चालायला जरूर जा, सातला. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळचं ऊन सुरूच्या बनामागून पाठीवर येतं, डोळ्यांत नाही. पाणी उतरत असल्याने ओली, घट्ट वाळू रुंद मिळेल. तिच्यावरच चाला, वरच्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या आणि गुडघे भरून येतात. किनाऱ्याला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे एका पायावर जास्त भार पडतो. जितकं जाल तितकंच त्याच रेषेने परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखं होईल. पाणी घोट्यापर्यंतच. आठला खोलीवर.

गोळ्या. बाबा, लघवीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा : प्रवासाच्या दिवशी ती पोचल्यावर घेतली तर चालेल का. आपल्या मनाने बंद करू नका, आणि वाटेत थांबावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं तर अजिबात नको. त्यानेच चक्कर येते. उलटीची गोळीही परस्पर घ्यायची नाही. त्यातल्या काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना लघवी तुंबू शकते. आईने पुढच्या सीटवर बसावं, नजर लांबच्या रस्त्यावर, मोबाइल पर्समध्ये. आलेपाक हाताशी. सगळी औषधं हातातल्या पिशवीत, डिकीत नाहीत.

नऊला निघा. बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव, निजामपूर, विळे, ताम्हिणी, मुळशी, पौड, पिरंगुट, चांदणी चौक. दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, थांबे धरून पाच तास. नऊच का, तर पुण्यात दोन-अडीचला शिराल. त्या वेळी भूगाव-पिरंगुटचा रस्ता मोकळा असतो, पाचनंतर तिथेच तास जातो. रविवारी न येण्याचं कारणही तेच.

पहिला थांबा माणगाव, भूक नसली तरी. तिथे स्वच्छतागृह बघून नीट वीस मिनिटं थांबा, डिझेलही तिथेच भरायला सांगा. पुढे घाट संपेपर्यंत बाबांना सोयीची जागा मिळेलच असं नाही, मुळशीच्या पाण्याजवळ हॉटेलं लागतात तोवर. घाटात मोबाइलची रेंज तुटते. मी फोन केला आणि लागला नाही तर मी घाबरणार नाही, तुम्हीही ड्रायव्हरदादांना घाई करू नका. माणगावहून निघताना एक मेसेज आणि पौडला आल्यावर एक, एवढं पुरे. घाटात दृश्य बघायला उतरायचं तर रुंद जागेत, वळणावर नाही, आणि काचा बंद करून. माकडं हातातली पिशवी सरळ ओढतात. गाडीत बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाने पावलं वर-खाली करत राहा, पोटऱ्यांत रक्त साचत नाही.

ड्रायव्हरदादांना एक आधीच सांगून ठेवा : गाडी वाळूत उतरवायची नाही. चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधण्यात संध्याकाळ जाते आणि तोवर भरती येते.

घरी आल्यावर मासळी फ्रीजमध्ये, ओलसर काही उरलं असेल ते बाल्कनीत, बाबांच्या गोळ्या टेबलावर. बाकी बॅगा उघडू नका. आई, धुणं मंगळवारी. संध्याकाळचं जेवण समोरच्या काकूंकडून येईल, मी सांगितलं आहे. दूधही त्याच घेऊन ठेवतील.

तुमची लेक

ता. क. बाबा, कानाचं मशीन किनाऱ्यावर न्यायचं नाही, खारट हवेने बॅटरीचे पत्रे गंजतात. खोलीवरच डबीत ठेवा, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाकून. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवा. आणि सोमवारी निघताना ती डबी उशाखाली राहिली नाही ना, हे आईने बघावं.