पॅनेलिंगवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, तुम्ही स्वतः हे वाचाल असं वाटत नाही, पण तुमच्या मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवतेय, तो दाखवेल. आणि चारचौघांत लिहितेय कारण आमच्या हॉलच्या चिरांवरून मी इतक्या जणांचं डोकं खाल्लंय की त्या शेवटी बुजल्या हेही त्यांना कळलं पाहिजे.

झालं असं की टीव्हीच्या भिंतीला एमडीएफचं (लाकडाच्या दाबलेल्या शीटचं) पॅनेलिंग, वर पांढरा पेंट, सगळं हौसेने करून घेतलेलं. शीट ८ बाय ४ ची, म्हणजे दर ४ फुटांवर जोड, आणि ठाण्यातला पहिला पावसाळा सरतोय न सरतोय तोच प्रत्येक जोडावर वरपासून खालपर्यंत चीर. इंटिरियरवाला म्हणे, मॅडम पावसाळ्यात एवढं चालायचंच. ऑर्डर मिळेपर्यंत लॅपटॉपवर थ्रीडी दाखवायला हा माणूस रात्री नऊला पण यायचा, आता ब्लू टिक येते आणि पुढे शांतता. मग एकाने लांबी (पुट्टी) भरून रंग मारून दिला, पुन्हा फाटलं. त्यानंतरचे तर महान, त्यांनी सिलिकॉन भरलं, ज्याच्यावर रंग धरतच नाही, सगळ्या मॅट भिंतीवर चकचकीत पट्टे. वर घासकाम असं केलं की डाळीच्या डब्यापर्यंत धूळ, आणि सासूबाईंना दमा आहे हे सांगूनही "पाच मिनिटांत होतंय" चालूच. त्या रात्री त्यांना नेब्युलायझर लावावा लागला, तो राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्ही आलात तेव्हा मी जरा तुटकच बोलले असेन. तुम्ही पॅनेलवर बोटांनी टकटक करत होतात, आतून खोकल्याचा आवाज आला, तुम्ही हात थांबवलात आणि विचारलंत, "ताई, आत कोण आजारी आहे का?" बस. पिशवीतून मास्किंग टेप काढलात, त्यांच्या दाराला प्लॅस्टिक लावून चारही बाजूंनी टेप मारलीत, खालच्या फटीत ओलं फडकं कोंबलंत, आणि आधी आत जाऊन त्यांनाच विचारलंत, आजी बाथरूमला वगैरे जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. हे कोणी विचारतं का हो? मी किचनमध्ये जाऊन डोळे पुसले, खरं सांगते.

बाकी काम काय केलंत ते मला अर्धंच कळलं. पॅनेल फ्रेमवर नुसती चिकटवून ठेवलेली, स्क्रूच नाहीत, ते तुम्ही आवाजावरून ओळखलंत. "एमडीएफ म्हणजे दाबलेला भुसा ताई, पावसात फुगणार, एसीत आकसणार, आणि लांबी बसली दगडासारखी, मग चिरणार नाही तर काय." म्हणून जुनं सगळं खरवडून, स्क्रू मारून, कडांना प्रायमर देऊन, जोडात ताणलं जाणारं अॅक्रिलिक सीलंट, ज्यावर रंग बसतो. आणि एका जोडाला तर "इथे ग्रूव्हच ठेवतो, हलू दे बिचाऱ्याला" म्हणालात, तो ग्रूव्ह, म्हणजे उघडी खाच, आता मुद्दाम केलेल्या डिझाइनसारखा दिसतो.

या वर्षीचा पावसाळा गेला काका, एसी पण चालला, मी टॉर्च लावून बघितलं. एकही चीर नाही.

कारागीर चांगले मिळतातही कधीकधी, पण ज्या घरात काम करतोय तिथे माणसं राहतात हे लक्षात असणारा माणूस मिळत नाही, डिग्रीवाल्यांत तर नाहीच नाही. सासूबाई अजून विचारतात तो टेपवाला मुलगा परत कधी येणार. तुम्ही साठीचे, पण त्यांच्यासाठी मुलगाच.

आणि हो, बिल नीट पाहिलं, त्यात टेप आणि प्लॅस्टिकचे पैसे लावलेलेच नाहीत. ते लावून परत पाठवा, लगेच जीपे करते.