बाबांची खाज आणि बांधावरचं गाजर गवत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांचं "उष्णता झालीय, दुसरं काय" याच्या पुढे गाडी सरकत नाही, म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव. हे पत्र आलं की त्यांचा चष्मा सापडायचा नाही.

बाबा, तुम्ही वांगं सोडलंत, शेंगदाणे सोडलेत, आता अंडंही बंद केलंत म्हणे. आईने पाठवलेले फोटो मी इथल्या कातडीच्या डॉक्टरांना दाखवले. पापण्या सुजलेल्या, मानेवर, कानामागे आणि कोपराच्या खोबणीत कातडी काळपट, जाड झालेली, आणि सदऱ्याखालची पाठ मात्र स्वच्छ. खाण्यातून आलेलं असतं तर ते सदरा बघून थांबलं नसतं. हवेतून उडून उघड्या अंगावर बसणाऱ्या गोष्टीची ही खूण. नक्की काय ते तपासूनच सांगेन म्हणाले, पण त्यांचा पहिला संशय आपल्या बांधावर कमरेएवढ्या माजलेल्या गाजर गवतावर आहे.

तुम्ही लगेच म्हणाल, सगळा जन्म त्याच बांधावर गेला, तेव्हा का नाही झालं? मीही हेच विचारलं. त्या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्याला शत्रू समजायला लागतात. हे व्हायला कधीकधी वर्षानुवर्षं जातात. पण वाण्याच्या उधारीच्या वहीत एकदा नाव चढलं की चढलंच. मग नुसता वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याबरोबर आला तरी एक-दोन दिवसांत अंग पेटतं. वर ऊन लागलं तर आणखी भडकतं. लगेच उठत नाही, म्हणून तर आदल्या दिवशी काय खाल्लं तेच आठवत बसतो आपण.

(मिलो, म्हणजे ती परदेशी लाल ज्वारी, खाल्ली त्या दुष्काळात हे गवत आलं असं तुम्ही सांगता ना? तो दुष्काळ १९७२ चा. पुण्यात या गवताची नोंद त्याच्या बरीच आधी, १९५५-५६ च्या सुमाराला झालीय. एवढा एक वाद मी जिंकला.)

आता त्या ट्यूबचं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, लावली की दोन दिवसांत गार पडतं, सोडली की दुप्पट उठतं, ती बहुतेक जोरदार स्टिरॉइडची आहे. स्टिरॉइड वाईट नाही, यावर औषध तेच देतात. पण कोणतं, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं. पापण्यांवर आणि तोंडावर तर ती मनाने लावूच नका, कातडी पातळ होते, डोळ्यांनाही धोका. कोणी गोळीचं स्टिरॉइड दिलं तर शुगर आहे हे आधी सांगा, कारण त्याने साखर चढते. आणि रात्री खाजेसाठी घेता त्या अॅलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांचा या प्रकारात उपयोग थोडाच. तुमच्या वयात त्यांनी तोल जातो, प्रोस्टेटची गाठ वाढलेली असेल तर लघवी अडते.

रक्ताची महागडी 'अॅलर्जी तपासणी' करायला कोणी सांगितलं तर पैसे घालू नका. ती शिंका, दमा, अंगावर गांधी उठणं अशा प्रकारांसाठी. इथे पॅच टेस्ट लागते. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, साधारण दोन दिवसांनी काढून पाहतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही.

मधमाशी चावून किंवा एखादं औषध घेऊन मिनिटांत ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर ती वेगळीच अॅलर्जी. तेव्हा घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. तिथे अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय.

गवत उपटायचं ते फुलायच्या आधी, पावसाळ्यातच, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. पण बाबा, तुम्ही हात लावायचा नाही. गडी लावा, त्याला हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा द्या, आणि उपटलेलं बांधावर वाळत टाकू नका, पेटवूही नका. शेतातून आलात की आधी साबणाने आंघोळ, कपडे वेगळे. दोरीवरचे कपडे बांधाच्या बाजूला नकोत.

आई, एक तुझ्यासाठी. शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल गाजर गवताच्याच कुळातले. ज्यांना याची अॅलर्जी होते त्यांच्यातल्या काहींना शेवंतीही सोसत नाही. टेस्ट होईपर्यंत देवाला जास्वंद आणि तगर चालेल. हार करायला बाबांना बसवू नकोस.

पुढच्या आठवड्यात मी येतेय, डॉक्टरांची वेळ घेतलीय. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून ठेव. आणि बाबांना आज वांग्याचं भरीत कर.

तुमची,
मनू