ज्याची भिंत झुकली, त्यालाच नवी भिंत

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. मी छोटा नोंदणीकृत कंत्राटदार आहे. गटारं, पायऱ्या, संरक्षक भिंती अशी कामं करतो. वडील गवंडी होते. त्यांनी घाटकोपरच्या डोंगरावर बांधलेल्या भिंती आजही उभ्या आहेत.

गेल्या आठवड्यात पूर्व उपनगरातल्या एका डोंगरवस्तीच्या संरक्षक भिंतीची निविदा उघडली. काम मला मिळालं नाही. या धंद्यात दहा निविदा भराव्या तेव्हा एखादी लागते, त्याचं दुःख मी धरून बसत नाही. पण काम कोणाला गेलं हे पाहिल्यापासून माझा संताप शमत नाही. त्याच वस्तीत, त्याच उतारावर या कंत्राटदाराने बांधलेली भिंत पहिल्या पावसाळ्यात फुगली आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या घरांवर झुकली. म्हणूनच नवी निविदा निघाली. आणि ते काम पुन्हा त्यालाच, अंदाजपत्रकापेक्षा 31 टक्के कमी दराने!

वस्तीतल्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मागचं काम बघितल्याशिवाय पुढचं काम देणार नाही." मी तिथे होतो. त्या शब्दावर विसंबून तिथल्या बायकांनी भिंतीखालची घरं सोडली नाहीत. आता त्यांना काय सांगायचं?

माझा दर 6 टक्के कमी होता. त्याखाली मी जाऊ शकत नाही, कारण सिमेंट, सळई आणि खडीचा बाजारभाव मला माहीत आहे. सरकारी दरसूचीत कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च धरलेला असतो. तो सगळा सोडला तरी 31 टक्के भरून निघत नाहीत. मग पैसे कुठून निघतात? भिंतीच्या पोटातून. मागे पाणी निचरायला गिट्टीचा थर टाकायचा असतो, तो गायब होतो. पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेल्या भोकांना, म्हणजे वीप होलला, तोंडाशी पाइपाचे तुकडे दिसतात, आत ते मातीत बंद. सळईतलं अंतर वाढतं. पाणी मारायचं सात दिवस, मारतात दोन. रंग दिल्यावर यातलं काही दिसत नाही, फोटो छान येतो. आणि जुलैत डोंगर पाणी प्यायला की भिंतीमागे तुंबलेलं पाणी सगळं उघडं पाडतं.

2 जुलै 2019 च्या मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे तीस जीव गेले. ती ब्रिटिशांच्या काळातली नव्हती, काही वर्षांपूर्वीच बांधलेली होती. 18 जुलै 2021 ला चेंबूरच्या वाशीनाक्याला आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात भिंत आणि दरड कोसळून पुन्हा तीसच्या आसपास माणसं गेली. दर वेळी चौकशी, दर वेळी पाच लाखांची मदत. निविदेच्या अटी मात्र तशाच.

त्या अटी आपण एकदा स्वतः वाचा. अनुभवाच्या रकान्यात विचारतात, इतक्या रकमेचं काम केलंय का, उलाढाल किती, दाखला आहे का. केलेलं काम आज उभं आहे का, हे कोणी विचारत नाही! काम पूर्ण झाल्याचा दाखला ज्या दिवशी मिळतो, त्या दिवशी प्रत्येक भिंत उभीच असते. त्यामुळे झुकलेल्या भिंतीचा दाखलाही पात्रतेला चालला. कागदाचं पाकीट पार केलं की दराचं पाकीट उघडतं आणि सगळ्यात खालचा आकडा जिंकतो. वडिलांच्या भिंतींना आणि माझ्या कामांना त्यात एक गुणही नाही.

मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं, "सदर निविदाकार काळ्या यादीत नाही." म्हणजे काळी यादी आणि पुष्पगुच्छ यांच्यामध्ये काहीच नाही? काळ्या यादीत टाकण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 पासून सांगितलंय आणि ते योग्यच आहे. पण नोटीसच काढली नाही, तर यादीत जाणार कोण? एवढं मोठं पाऊल उचलायला कोणी धजत नाही, म्हणून वाईट कामाची साधी नोंदही होत नाही.

मला म्हणतात, कोर्टात जा. सर्वोच्च न्यायालयाच्या टाटा सेल्युलर खटल्यातल्या 1994 च्या निकालापासून न्यायालयं निविदेचा निर्णय बदलत नाहीत, फक्त तो कसा घेतला ते तपासतात. वकिलाची फी कुठून आणू? जुनी बिलं अडकलीत, बायकोचे दागिने पतपेढीत गहाण आहेत, फिटर आणि गवंडी उचल मागायला दारात उभे असतात. खालचा दर टाकून मीही काम घेऊ शकलो असतो. मुलांच्या फीसाठी कितीदा मोह झाला, ते माझं मला माहीत. टाकला नाही, याची किंमत घर मोजतंय.

आणि कायदा आडवा येतो म्हणू नका. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कामावरून आपल्याच राज्याच्या वीज मंडळाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1998 च्या त्या निकालात दराबरोबर निविदाकाराची कुवत आणि त्याचा मागचा अनुभवही पाहायचा, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत बांधकामांच्या निविदांतही एकूण गुणांपैकी 30 टक्क्यांपर्यंत गुण दर्जाला द्यायची मुभा दिली. डोंगरउतारावरच्या भिंतीला ती लावायची नाही, तर कशाला लावायची?

मागच्या कामाला गुण ठेवले तर अधिकारी मर्जीतल्यांना ते देतील, ही भीती मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. मर्जी नसलेल्यांत माझाच पहिला नंबर लागेल. म्हणून मागच्या कामावरचा शेरा उघड हवा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मोठ्या कामांत अधिकाऱ्याला लेखी शेरा द्यावा लागतो, कंत्राटदार त्याला उत्तर देतो आणि पुढचं काम देणारा ते दोन्ही वाचतो. ज्याचं मागचं काहीच नाही, त्याला त्यापायी चांगलं धरत नाहीत की वाईट. हरलेल्याने तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाकडे दाद मागितली तर शंभर दिवसांत निकाल. इथे शंभर दिवसांत माझ्या अर्जाला आवक क्रमांक मिळाला तरी पुष्कळ!

इतकी वर्षं विचारायचं तरी कोणाला होतं? 7 मार्च 2022 ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ हजारो कोटींची कामं प्रशासकाच्या सहीने निघाली. त्याआधीची, कामांना मंजुरी देणारी नगरसेवकांची स्थायी समिती धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणत नाही, पण तिथे निदान कोणी उठून प्रश्न विचारायचं. 2016 मध्ये रस्त्यांच्या घोटाळ्यात गुन्हे नोंदले गेले. त्यानंतरही गेल्या पाच कामांचं आज काय झालं, एवढा एक रकाना निविदेत यायला कोणी अडवलं?

या भिंतीचा कार्यादेश अजून निघालेला नाही. तो थांबवा. 31 टक्के कमी दर कसा बसवला, याचा बाबवार हिशेब त्याच्याकडून मागवा आणि व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेकडून तपासून घ्या. झुकलेल्या भिंतीचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपलेला नाही, तर ती त्याच्याच खर्चाने का उभारून घेतली नाही, याचं लेखी उत्तर द्या. या सगळ्यातून तो खरा उतरला तर काम खुशाल त्याला द्या, मी हरकत मागे घेईन. पण पावसाळ्याआधी उत्तर द्या. वस्तीतली माणसं अजून त्या भिंतीखालीच राहतात.

आपला,
एक नोंदणीकृत कंत्राटदार, मुंबई