वित्त विधेयकाच्या आडून वाढणारे आयकर झडतीचे अधिकार

महोदय,

गेली बावीस वर्षे मी आमच्या भागातल्या दूध संस्थांचे हिशेब लिहितो. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल निघते. बँकेतून रोकड आणायची, यादीवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि पैसे उत्पादकाच्या हातात द्यायचे, अशी इथली रीत.

२०१९ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात १९४एन हे कलम आले. वर्षात एक कोटीपेक्षा जास्त रोकड काढली, तर वरच्या रकमेवर बँकेने दोन टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायचा. रोखीने मोठे व्यवहार करणाऱ्यांना आळा घालायचा म्हणून हे केले, त्यामुळे मलाही ते पटले होते. पुढच्या वर्षी आमच्या एका संस्थेने बँकेतून काढलेली रोकड एक कोटी चाळीस लाखांवर गेली आणि ऐंशी हजार रुपये कापले गेले. सहकारी संस्थांना मिळणाऱ्या ८०पी कलमाच्या वजावटीमुळे या संस्थेला आयकर लागतच नाही. परतावा मिळाला, पण तो रिटर्न भरून, कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात म्हैस विकत घ्यायला उचल मागणाऱ्या एका बाईंना सचिवांनी माझ्यासमोर रिकाम्या हाती परत पाठवले.

बाजार समितीतल्या अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना सप्टेंबर २०१९ मध्येच सूट मिळाली. सहकारी संस्थांची मर्यादा तीन कोटी व्हायला मात्र २०२३ उजाडले. उलट, तीन वर्षे रिटर्न न भरणाऱ्यांसाठी हीच मर्यादा जुलै २०२० पासून वीस लाखांवर आली. म्हणजे कलम आवळायला वर्षही लागले नाही आणि आम्हाला सैल करायला जवळजवळ चार वर्षे गेली.

हे निदान पैशाचे झाले, ते परत येतात. मला खरी चिंता आयकर खात्याच्या झडतीच्या अधिकाराची आहे. झडती का घेतली याचे कारण कोणालाही, अगदी कराची अपिले ऐकणाऱ्या अपिली न्यायाधिकरणालाही, सांगण्याचे बंधन नाही, अशी तरतूद २०१७ च्या वित्त कायद्याने केली आणि तीही १९६२ पासून लागू धरली. राज्यसभेने तेव्हा दुरुस्त्या सुचवल्या होत्या. लोकसभेने त्या दुसऱ्याच दिवशी फेटाळल्या, कारण ते धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी पैशाचे विधेयक, म्हणून आले होते आणि अशा विधेयकात राज्यसभेचे म्हणणे बंधनकारक नसते. आता १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्याच्या २४७ व्या कलमानुसार झडतीतला अधिकारी पासवर्ड ओलांडून ईमेल, समाजमाध्यमांवरची खाती, क्लाउडवरची साठवण उघडू शकेल. हा कायदा लोकसभेत ११ ऑगस्ट २०२५ रोजी चर्चेविना मंजूर झाला.

झडती सरसकट कोणावरही पडत नाही, हे मान्य. पण आमच्या सचिवांच्या एकाच मोबाईलमध्ये दीडशे सभासदांचे खातेक्रमांक आहेत, आणि कोणाच्या घरी दवाखाना चालू आहे, कोणी कोणाकडून हातउसने घेतले, हेही आहे. त्या सभासदांवर कसलाच संशय नसताना त्यांचे हे सगळे उघडे पडेल.

कर बुडवणाऱ्याला पकडायलाच हवे. मात्र झडतीचे अधिकार वाढवायचे असतील, तर त्यासाठी स्वतंत्र, साधे विधेयक आणावे. ते दोन्ही सभागृहांत चर्चेला यावे आणि राज्यसभेला ते नाकारता यावे. झडतीचे कारण किमान न्यायाधिकरणासमोर तरी ठेवले जावे. राज्यातल्या ४८ लोकसभा सदस्यांपैकी एकाने तरी हा प्रश्न पुढच्या अधिवेशनात मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– दूध संस्थांचा एक हिशेबनीस, सांगली जिल्हा