ताई, तुम्ही तो रिपोर्ट पालथा ठेवलात

आदरणीय ताई,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, कोण जाणे. एमआरआयचं भलंमोठं पाकीट छातीशी धरून, कमरेचा पट्टा आवळून मी तुमच्याकडे फिजिओथेरपीला आले होते आणि बसायच्या आधीच सुरू झाले होते, "मणके झिजलेत, आता काही खरं नाही." तुम्ही रिपोर्ट शांतपणे वाचलात, पालथा ठेवलात आणि विचारलंत, "वाकून चपलेचा बंद लावताना दुखतं, की वरच्या फळीवरचा डबा काढताना?"

डबा काढताना! इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग तुम्ही मुठीवर मूठ ठेवून दाखवलंत. दोन मणक्यांमध्ये पुढे गादी, मागे डावी-उजवीकडे एकेक छोटा सांधा. गुडघ्यासारखाच, कूर्चेचं अस्तर आणि वंगण असलेला. वयाबरोबर गादी चपटी झाली की भार या सांध्यांवर येतो, अस्तर झिजतं, कडेने हाड वाढतं. मागे वाकलं की ते एकमेकांवर दाबले जातात, पुढे वाकलं की मोकळे होतात. ओट्याशी उभं राहून ठणकणारी कंबर खुर्चीत टेकताच का निवते, ते मला तेव्हा कळलं. कळ मांडीपर्यंत यायची, म्हणून मी 'नस दबली' असं धरून बसले होते. या सांध्यांची कळ सहसा गुडघ्याखाली उतरत नाही, हे तुमच्याकडून समजलं. आणि काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या फोटोतही अशी झीज दिसते, हे ऐकून तर मी पाकिटाकडे रागानेच पाहिलं.

लघवीवर ताबा आहे ना, पायातली ताकद गेली नाही ना, ताप, वजन घटणं? पहिल्याच दिवशी तुम्ही हे विचारलंत तेव्हा मी अवघडले होते. यातलं काही असतं तर व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे पाठवावं लागलं असतं, हे नंतर उमगलं.

व्यायाम म्हणजे केवढा! पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, तुमचा तळहात माझ्या कमरेखाली. "दाबा माझा हात." मी दात-ओठ खात दाबला. "श्वास कुणी जप्त केलाय का?" असं तुम्ही विचारलंत आणि हसताना हात आपोआप नीट दाबला गेला. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मी तणतणत आले, तेव्हाही तुम्ही चिडला नाहीत. दहाचे पाच केलेत, चालणं वाढवलंत.

सुईचा हट्टही मीच धरला होता. आधी त्या सांध्याची बारीक नस सुईने बधिर करून दुखणं तिथलंच आहे का ते पाहतात, मग उष्णतेने ती निकामी करतात. आराम काही महिने, कधी वर्षभर, आणि नस पुन्हा वाढते, असं सगळं सांगून "ती वेळ आली तर डॉक्टरांशी मीच बोलेन" म्हणालात. ती वेळ अजून आलेली नाही.

दुखणं गेलंय असं नाही. थंडीत सकाळी कंबर कुरकुरतेच. पण ओट्यापाशी छोटं स्टूल ठेवलंय, त्यावर आलटून पालटून एकेक पाय टेकवते आणि काम उरकते. पट्टा मात्र कपाटात आहे. टाकून द्या म्हणाला होतात, ते काही जमलेलं नाही.

तुमची,
'काही खरं नाही' म्हणणारी पेशंट