भोलूने चॉकलेट खाल्लं तर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आईने बोलता बोलता सांगितलं, की टीपॉयवर राहिलेला चॉकलेटचा तुकडा भोलूने मटकावला. मागून बाबांचा आवाज आला, "अगं, काही होत नाही त्याला. मागेही खाल्लं होतं." मग विषय बदलला. माझ्या डोक्यातून तो काही जाईना. चॉकलेट कुत्र्याला विषासारखं बाधतं. यात आकडे आहेत, ते फोनवर सांगून लक्षात राहिले नसते. कागदावर असले तर वेळेला समोर धरता येतील, म्हणून लिहितेय.

भोलूला काही झालं नाही हे खरंच आहे. पण ते का झालं नाही, हे समजून घ्या. तो काटक आहे म्हणून नाही. चॉकलेट दुधाचं होतं, तुकडा छोटा होता आणि भोलू बारा किलोचा आहे, म्हणून. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट वेगळी असती, तर काल आपण वेगळंच बोलत असतो.

बाबा, तुम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंत, तेव्हा हा भाग तुमच्यासाठी. कोकोच्या बियांत थिओब्रोमाइन असतं. ते कॅफीनचं सख्खं भावंड, फक्त एक मिथाइल गट कमी. वॉस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८४१ साली ते कोकोच्या बियांत शोधलं. आपल्या शरीरात ते बरंच लवकर मोडून बाहेर पडतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याची मात्रा निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात. तोवर ते हृदयाला आणि मेंदूला सतत डिवचत राहतं. शिवाय त्यातलं काही पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरून परत शोषलं जातं, आणि लघवीत आलेलंही मूत्राशयातून रक्तात परतू शकतं. म्हणजे एकदा खाल्लेलं विष त्याला परत परत बाधतं.

आता हिशेब. थिओब्रोमाइन आणि त्याच्यासोबतचं थोडं कॅफीन मिळून, कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडू लागतात. ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला दोन-सव्वादोन मिलिग्रॅम असतं. काळ्या, कडवट चॉकलेटमध्ये पाच-साडेपाच, आणि कोकोचं प्रमाण वाढलं की त्याहूनही जास्त. केकसाठी वापरतात त्या बिनसाखरेच्या चॉकलेटमध्ये पंधरा. आणि नुसत्या कोको पावडरमध्ये पंचवीसच्याही वर. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नसतंच. त्याचा धोका तुपकटपणाचा, त्यावर पुढे लिहिते.

भोलूपुरतं बघा. कालचा तुकडा वीस ग्रॅमचा धरला, तर किलोमागे चार मिलिग्रॅमही भरत नाहीत. म्हणून तो मजेत झोपला. आता टीपॉयवर दुधाच्या चॉकलेटऐवजी शंभर ग्रॅमची काळी वडी असती आणि त्याने ती सगळी खाल्ली असती, तर आकडा ४५ च्या आसपास गेला असता. आई, तू केकसाठी आणलेल्या कोकोच्या डब्यातले चार मोठे चमचे जरी त्याने चाटून संपवले, तरी तो ५०-६० च्या घरात जातो. चार चमचे! डबा पडला, झाकण उडालं, तर तेवढं सहज पोटात जाईल. आणि शेजारचं ते तीन किलोचं पिल्लू तुमच्याकडे खेळायला येतं ना, त्याला काळ्या चॉकलेटचे पंचवीस ग्रॅम म्हणजे भोलूला अख्खी वडी. भोलूला मागे काही झालं नव्हतं, याचा त्या पिल्लाच्या बाबतीत काडीचाही उपयोग नाही.

हे आकडे सरासरीचे आहेत. भोलू आता म्हातारा झालाय, आणि वयस्क किंवा हृदय कमजोर असलेल्या कुत्र्याला कमी मात्राही बाधू शकते. तेव्हा आकडेमोड करून "वीसच्या आत आहे, राहू दे" असं घरी ठरवायचं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. आकडे मी लिहिले ते एवढ्यासाठी, की डॉक्टर जेव्हा विचारतील "कसलं चॉकलेट, किती, वजन काय", तेव्हा ते का विचारताहेत हे तुम्हाला कळावं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती थांबून बघण्याची. चॉकलेट खाल्ल्यावर कुत्रा लगेच आजारी दिसत नाही. लक्षणं यायला बहुतेक वेळा सहा ते बारा तास जातात. संध्याकाळी खाल्लं तर तो रात्री शेपटी हलवत जेवेल, तुम्ही निर्धास्त झोपाल, आणि त्रास सुरू होईल तो पहाटे. पण उपचार सोपे असतात ते याच शांत तासांत. चॉकलेट पोटात असतं तोवर डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात, आणि एकदा ते बाहेर पडलं की निम्मं काम झालं. चॉकलेटचा गोळा पोटात बराच वेळ रेंगाळतो, त्यामुळे खाल्ल्याला काही तास उलटले असले तरी "आता काय उपयोग" म्हणून फोन टाळू नका. मात्र थरथर सुरू झाल्यावर उलटी करवणं धोक्याचं होतं. मग सलाईन, हृदयाची औषधं, झटक्यांची औषधं, आणि दोन-तीन दिवस दवाखाना. या विषाला उतारा म्हणून वेगळं औषध नाही. ते शरीरातून निघून जाईपर्यंत कुत्र्याला सांभाळायचं, एवढंच हातात राहतं.

म्हणून क्रम असा. उरलेलं चॉकलेट आधी त्याच्यापासून दूर करा, खाली सांडलेलंसुद्धा. घड्याळ बघा. रॅपर केराच्या डब्यात टाकू नका, फाटलेले तुकडेही गोळा करा. त्यावर कोकोची टक्केवारी आणि वडीचं वजन छापलेलं असतं. अक्षरं बारीक असतात, चष्मा शोधण्यात वेळ घालवू नका, फोनने फोटो काढून मोठा करून बघा किंवा मला पाठवा. रॅपरचा काही भाग सापडत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण चांदीचा कागद किंवा प्लास्टिक पोटात अडकू शकतं. मग लगेच डॉक्टरांना फोन. कसलं चॉकलेट, जास्तीत जास्त किती गेलं असेल, किती वाजता, भोलूचं वजन, वय आणि त्याला चालू असलेली औषधं, एवढं सांगा. नक्की किती खाल्लं माहीत नसेल तर जास्तीचा अंदाज सांगा. डॉक्टर घरीच थांबायला म्हणाले तर थांबा, बोलावलं तर निघा. कालच्यासारखा तुकडा असेल तर बहुधा लक्ष ठेवायलाच सांगतील. पण ते त्यांनी सांगू दे.

घरगुती उपाय करायचे नाहीत. आई, हे मी तुला जास्त कळकळीने सांगतेय, कारण आमच्या लहानपणी प्रत्येक दुखण्यावर तुझ्याकडे काहीतरी असायचं आणि ते लागूही पडायचं. भोलूच्या बाबतीत नको. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही. मीठ अंगात वाढलं की त्यानेच झटके येतात आणि जीवही जातो. घशात बोटं घालायची नाहीत, तो चावेल आणि उलटी होईलच असं नाही. दूध किंवा तेल पाजून विष उतरत नाही. उलटी करवायला हायड्रोजन पेरॉक्साइड पाजा, असं कुणी सांगेल. डॉक्टरांनी स्वतः फोनवर किती आणि कसं ते सांगितलं नसेल, तर त्याला हात लावू नका. त्याने पोटाला आतून इजा होऊ शकते, आणि चपट्या नाकाच्या, गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याची उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असते. औषधी कोळशाची पूडसुद्धा दवाखान्यातच द्यायची असते. घरी आहे म्हणून चाटवायची नाही.

खूप पाणी पिणं, सारखी लघवी, उलटी, धापा, उगाच येरझाऱ्या, कान-पाय गरम लागणं, छातीवर हात ठेवला तर मोजता येऊ नये इतकी धडधड, अंगाला कंप, यातलं काहीही दिसलं तर फोनवर बोलत बसू नका, निघा. भोलूला उचलू नका, बाबा. तुमच्या कंबरेला ते झेपणार नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा, चादरीत घालून दोघांनी धरून न्या. झटका आला तर तोंडाजवळ हात नेऊ नका, आजूबाजूचं सामान बाजूला करा, आणि झटका थांबला की गाडीत घाला. दवाखान्यातून घरी पाठवलं तर पुढचे एक-दोन दिवस त्याला वरचेवर बाहेर फिरवून आणा, म्हणजे लघवी साचून राहणार नाही.

तुपकटपणाचं लिहिते म्हटलं होतं. चॉकलेटमध्ये चरबी भरपूर, त्यामुळे थिओब्रोमाइन सोसलं तरी एक ते तीन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सगळं निभावलं असं वाटत असताना तो जेवण सोडेल, पाठ कमानीसारखी करून उभा राहील, परत उलट्या करेल. तेव्हा "आता चॉकलेटचा काय संबंध" म्हणू नका, डॉक्टरांना ते सांगा.

बाबा, तुमचं शुगर-फ्री चॉकलेट आणि च्युइंगम. साखर नाही म्हणून ते भोलूला बरं, असं तुम्हाला वाटण्याचा संभव आहे. उलट आहे. अशा काही पदार्थांत गोडीसाठी साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असतं. आपल्याला ते चालतं, पण कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम उसळतं आणि रक्तातली साखर कधी अर्ध्या तासातच कोसळते. पुढे यकृतावरही परिणाम होऊ शकतो. इथे सहा-बारा तासांची सवड नाही. तुमच्या डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते आजच बघा, आणि असेल तर तो डबा कपाटात, कुलपात. मनुका घातलेल्या चॉकलेटचंही तसंच. मनुकांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, तेव्हा मनुका होत्या हे डॉक्टरांना वेगळं सांगायचं.

मुलं सुट्टीत आली की घरभर चॉकलेटं असतात. त्यांना आणताना बॅगा जमिनीवर ठेवल्या जातात, आणि भोलूचं नाक चेन उघडायला आपल्या हातापेक्षा तरबेज आहे. त्यांना मी सांगेनच. पण तुम्हीही त्यांच्या आनंदाखातर भोलूला शेवटचा घास देऊ देऊ नका. त्याला माणसाची माया पाहिजे, चॉकलेट नको. द्यायचंच असेल तर त्याची स्वतःची बिस्किटं मुलांच्या हातात द्या.

आणि एक मनातलं. असं काही घडलं तर डबा कुणी उघडा ठेवला यावर तुम्ही दोघं भांडू नका. फोन आधी. डॉक्टरांपुढे ओशाळून प्रमाणही कमी सांगू नका. त्यांना खरा आकडा मिळाला तरच त्यांना बरोबर उपचार करता येतील. रात्र असली तरी मला उठवायला कचरू नका. माझी झोप मोडेल म्हणून तुम्ही पहाटेपर्यंत वाट बघितलीत, तर मला ते कायम सलत राहील. तुम्ही दोघं आणि तो एवढेच त्या घरात आहात, त्याच्यावर तुमचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे.

या आठवड्यात लसीसाठी जाल तेव्हा त्याचं वजन नव्याने करून घ्या, आणि दवाखाना बंद असताना रात्री कुठे जायचं ते डॉक्टरांना विचारून तो नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा. रविवारी फोन करेन तेव्हा मलाही सांगा, मी माझ्याकडे लिहून ठेवते.

तुमची,
मनू