ऑर्डर वाढतात कशा आणि अडतात कुठे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांनी असे लिहिले होते की, किराणा घरपोच देणाऱ्या मुलांनी कमी मिळकतीची रड गाण्याऐवजी जास्त ऑर्डर उचलाव्यात. ज्याची कष्टाची तयारी आहे त्याला कामाला तोटा नाही, असे त्यांचे म्हणणे. पत्र वाचून राग आला नाही, कारण चार वर्षांपूर्वी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेचे भाडे सुटावे म्हणून मी या कामात शिरलो, तेव्हा माझीही हीच समजूत होती. पुढे परीक्षेचे वय उलटले, काम राहिले आणि पहिल्या दिवसापासून ठेवलेली एक वही राहिली. तीत रोजच्या फेऱ्या, वेळ, अंतर आणि हाती आलेले पैसे लिहिलेले आहेत. जास्त ऑर्डर मिळवण्यात रायडरच्या हातात काय असते आणि कुठून पुढे नसते, हे त्या वहीच्या आधारे मांडण्याची परवानगी असावी.

आधी व्यवस्था सांगतो, कारण ज्यांच्या दारात पिशवी येते त्यांनाही ती बहुधा ठाऊक नसते. हे सामान नेहमीच्या वाण्याच्या दुकानातून निघत नाही. वस्तीच्या आतल्या अंगाला, एखाद्या तळघरात किंवा जुन्या गोदामाच्या गाळ्यात कंपनीचे ‘डार्क स्टोअर’ असते. तेथे ग्राहकाला प्रवेश नसतो आणि आत मांडण्यांमधून मुले-मुली हातातल्या यंत्रावर बघून सामान गोळा करत असतात. एका स्टोअरचा पट्टा साधारण दोन-तीन किलोमीटरांचा. रायडरने आधी स्लॉट, म्हणजे ठरावीक तासांची पाळी, घ्यायचा, त्या वेळी स्टोअरपाशी येऊन लॉगिन करायचे आणि गाडीवर बसून राहायचे. स्टोअरभोवती आखलेल्या न दिसणाऱ्या रिंगणात तुमचा मोबाइल आला की ॲपच्या लेखी तुम्ही रांगेत उभे राहता आणि मग ऑर्डर पडते. आम्ही ‘ऑर्डर मिळाली’ असे क्वचितच म्हणतो, ‘पडली’ असेच म्हणतो. आंबा पडावा तशी ती पडते, आणि झाड हलवण्याची सोय आमच्याकडे नसते.

मग फेऱ्या वाढतात कशा? गाडी दामटली की वाढतात, असा बाहेरच्यांचा समज आहे आणि नव्या रायडरचाही असतो. माझी वही याच्या उलट सांगते. दोन किलोमीटरांच्या फेरीत रस्त्यावर जाणारा वेळ थोडा असतो. बाकीचा वेळ फाटकावरची नोंद, लिफ्ट आणि पत्त्याचा शोध यांत जातो. कर्वे रस्त्यावर कितीही जोर केला तरी पुढचा सिग्नल लागतोच. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चौदाव्या मजल्यावर अर्धा लिटर दूध, कोथिंबिरीची जुडी आणि आल्याचा तुकडा पोहोचवायचा होता. रखवालदाराने डिलिव्हरीवाल्यांसाठी ठेवलेल्या मागच्या लिफ्टकडे पाठवले. तीतून कोणाच्या तरी घरच्या फरशा वर चढत होत्या. मी तेथे सात मिनिटे उभा होतो, हे वहीत आहे. वर गेल्यावर आजींनी पिशवी घेत ‘आधण आटून गेलं बाबा’ एवढेच म्हटले, आणि ते खरेच होते. स्टोअरपासून त्यांच्या फाटकापर्यंत मी चार मिनिटांत आलो होतो.

म्हणून ज्याला फेऱ्या वाढवायच्या आहेत त्याने वेग न वाढवता, पिशवी दिल्यापासून पुन्हा रांगेत लागेपर्यंतचा वेळ कमी करावा. कोणत्या सोसायटीचे मागचे फाटक रात्री नऊनंतर बंद होते, कोणत्या इमारतीत बी विंगचा जिना ए विंगमधून आहे, ‘दत्त मंदिरासमोर’ असा पत्ता आला तर त्या पट्ट्यातल्या नेमक्या कोणत्या दत्त मंदिरासमोर (कोथरूडला हा प्रश्न गंमतीचा नाही), हे ज्याला पाठ असते त्याच्या दिवसात तीन-चार फेऱ्या सहज जास्त बसतात. रखवालदाराला नावाने हाक मारता येणे हे पाच लिटर पेट्रोलपेक्षा मोलाचे आहे. गाडी परतीच्या तोंडाने लावावी, चार्जिंगची तजवीज ठेवावी, आणि इन्सेन्टिव्हच्या, म्हणजे जादा बक्षिसाच्या, मागे लागून दर आठवड्याला स्टोअर बदलू नये. नव्या पट्ट्यातल्या गल्ल्या शिकण्यातच तो इन्सेन्टिव्ह जिरतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी सात ते साडेनऊ दूध, ब्रेड, पोहे, कडीपत्ता. संध्याकाळी साडेसहापासून साडेदहापर्यंत भाजी, पनीर, अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी काहीबाही. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर आइस्क्रीम आणि वेफर्स. दुपारी एक ते चार पुणे झोपते ही थट्टा जुनी आहे, पण माझ्या वहीत त्या तासांचे रकाने खरोखरच बरेचसे कोरे आहेत. त्या वेळेत लॉगिन करून उन्हात बसण्यापेक्षा जेवून घ्यावे आणि सकाळ-संध्याकाळचे स्लॉट उघडताक्षणी पकडावेत. पाऊस आला की ऑर्डर वाढतात आणि रायडर घरी बसतात, म्हणून रेनकोट हे आमचे भांडवल. मात्र निसरड्या उतारावर पडून महिना अंथरुणात काढलेला मित्र पाहिल्यापासून भर पावसात कमाई करण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

आणि तिसरी गोष्ट कालनिर्णयाची, जिच्याकडे परप्रांतातून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांचे लक्ष उशिरा जाते. आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी साबुदाणा, वरी आणि शेंगदाणे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी फळे, फुले, विड्याची पाने. संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी नारळ आणि गूळ. कोजागरीला रात्री दहाच्या पुढे दुधाच्या पिशव्या. दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्री उटणे आणि मोती साबण. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी तांदळाची पिठी संपलेली नाही असे स्टोअर मी अजून पाहिलेले नाही. हे दिवस आधी हेरून ज्याने स्लॉट धरला त्याला त्या दिवशी ऑर्डरींचा दुष्काळ पडत नाही. मी सुट्टी घेतो ती सण उलटल्यानंतरच्या निवांत दिवसांत. दसरा-दिवाळीला घरी जाणे चार वर्षांत जमलेले नाही.

आता सद्गृहस्थांच्या मूळ मुद्द्याकडे येतो. वरच्या सगळ्या युक्त्या खऱ्या आहेत. पण त्यांनी एका रायडरच्या ऑर्डर वाढतात, स्टोअरच्या वाढत नाहीत. संध्याकाळी एखाद्या स्टोअरला दोनशे ऑर्डर येणार असतील तर त्या ग्राहकांच्या गरजेने येतात. बाहेर वीस रायडर असतील तर वाट्याला दहा, चाळीस असतील तर पाच. मी हुशारीने तेराव्या ऑर्डरपर्यंत पोहोचलो तर ती कोणाच्या तरी वाट्यातून कमी झालेली असते. चाळीस रायडर उभे का असतात, याचे उत्तर सरळ आहे: आम्हाला पैसे फेरीमागे मिळतात, थांबण्याचे मिळत नाहीत; त्यामुळे जास्तीचा रायडर दारात बसवून ठेवण्याचा खर्च कंपनीला जवळजवळ शून्य असतो, आणि गर्दीच्या वेळी ग्राहकाला थांबावे लागू नये हा तिचा लाभ मात्र पक्का असतो. शिवाय नवा रायडर आणून देणाऱ्यास बक्षीस असते. मी स्वतः माझ्या आतेभावाला गावाहून आणले, बक्षीस घेतले, आणि महिनाभरात तो रांगेत माझ्या पुढे उभा होता. ही चूक माझी. पण असे बक्षीस देताना त्या स्टोअरला आणखी रायडर पेलतो का, हे आकडे ज्याच्याकडे आहेत त्याने तपासायला नको होते का?

इन्सेन्टिव्हबद्दल आमच्यात एक ठाम समजूत आहे: वीस ऑर्डरींवर बक्षीस असेल तर एकोणीस झाल्यावर विसावी पडत नाही. मी या समजुतीला दुजोरा देणार नाही. अशा संध्याकाळी मी वहीत खुणा केल्या आहेत. विसावी कधी पडली, कधी पडली नाही. मला वाटते, त्या तासाला सगळेच आपापल्या विसावीसाठी थांबलेले असतात, म्हणून रांग लांबते. पण ही माझी अटकळ झाली. शेजारच्या रायडरची अटकळ अशी की ॲप मुद्दाम अडवते. आम्हा दोघांपैकी चूक कोण, हे सांगू शकणारा एकच पक्ष आहे आणि तो सांगत नाही. एका संध्याकाळी पन्नास मिनिटे एकही ऑर्डर न पडल्यावर मी मदत विभागाला संदेश पाठवून कारण विचारले. उत्तर आले, ‘कृपया आपले इंटरनेट तपासा.’ कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण उद्या सकाळी मला त्याच ॲपवर लॉगिन करायचे आहे.

‘जास्त ऑर्डर उचला’ म्हणताना प्रत्येक ऑर्डरीतून उरते काय, हेही पाहावे. स्टोअरपासून दोन किलोमीटरांची डिलिव्हरी म्हणजे जाऊन-येऊन चार किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस पळणारी गाडी आणि 104 रुपयांचे पेट्रोल धरले तर सव्वानऊ रुपये जळतात. फेरीचे पंचवीस रुपये आले तर हातात पावणेसोळा उरतात. त्यातून ऑइल, टायर, ब्रेक, मोबाइलचा रिचार्ज वेगळा. आणि मला मिळणारा दर जातानाच्या अंतराचा असतो, रिकाम्या परतीचा हिशेब त्यात धरलेला नसतो. या हिशेबात कष्ट कुठे कमी पडले, हे पत्रलेखकांनी दाखवावे.

कायद्याने काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. नीती आयोगाने 2022 च्या अहवालात देशात 2020-21 मध्ये 77 लाख गिग कामगार (कायम नोकरी नसलेले, कामागणिक पैसे मिळवणारे) असल्याचे आणि 2029-30 पर्यंत ही संख्या 2.35 कोटींवर जाण्याचा अंदाज असल्याचे सांगितले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमचा ‘गिग कामगार’ म्हणून उल्लेख आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम आमच्या कल्याणनिधीत द्यायची आहे. हा निधी अपघात, आजारपण, म्हातारपण यांसाठी आहे आणि तो हवाच. ऑर्डर वाटल्या कशा जातात, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ‘दहा मिनिटांत’ घरपोच देण्याचे वचन जाहिरातींतून उतरू लागले, त्याचेही स्वागत. फक्त माझ्या स्टोअरबाहेरच्या रांगेत त्याने काही फरक पडलेला नाही. या बाबतीत कर्नाटकाचा 2025 चा कायदा एक पाऊल पुढे आहे: काम ठरवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेची माहिती मागण्याचा हक्क तो कामगाराला देतो आणि काम बंद करायचे तर कारण लेखी देऊन 14 दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक करतो. आमच्याकडे आयडी ब्लॉक झाल्याचे, म्हणजे काम बंद झाल्याचे, रायडरला सकाळी लॉगिन करतानाच कळते.

माझे मागणे थोडे आहे. त्या क्षणी स्टोअरवर किती रायडर रांगेत आहेत आणि माझा क्रमांक कितवा, एवढे ॲपवर दिसावे. ग्राहकाला आमची गाडी नकाशावर पावलोपावली दिसते, तर आम्हाला आमची रांग दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावे. स्टोअरमागे रायडरची मर्यादा ठरावी आणि ती ओलांडून नवी भरती होऊ नये. परतीच्या अंतराचा काही अंश दरात धरला जावा. राज्याच्या कामगार विभागाने निदान पहिल्या मागणीबाबत कंपन्यांना विचारणा करावी.

आणि पत्रलेखक सद्गृहस्थांना एक विनंती. त्यांनी कोथरूडला येऊन माझी वही जरूर चाळावी; पानोपानी चहाचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात. दुपारी एक ते चारच्या दरम्यान आलात तर मी स्टोअरबाहेर मोकळाच असतो.

आपला,
एक डिलिव्हरी कामगार, कोथरूड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)